एकाच माणसासाठी वेबसाइट

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त कुलपावर, आणि त्याच्यावरही तीनदा ओढून बघितल्याशिवाय नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे, थोरल्या बहिणीचे यजमान. बीदरात नौबादला त्यांचं घोंगड्यांचं आणि लोकरीचं दुकान. घर मूळचं मुडबीचं, दोन-तीन पिढ्यांमागे मेंढरं घेऊन हिंडणारं. लांडगा कोणत्या बाजूने येईल याचा नेम नाही, हे पूर्वजांनी माळावर शिकलेलं शहाणपण दाजींनी जसंच्या तसं बाजारात आणलं होतं. नारळ घ्यायचा तर ते तीन दुकानांत हलवून बघत आणि चौथ्या दुकानात घेत, कारण पहिल्या तिघांना आपली पारख कळली असणार असा त्यांना संशय. गिऱ्हाइकावर ते कन्नडमधून संशय घेत, रिक्षावाल्यावर दखनीतून आणि घरच्या माणसांवर मराठीतून. हैदराबादच्या बसमध्ये चढण्याआधी सगळ्या चाकांना पायाने ठोकून बघत. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, ‘‘अण्णा, गाडी तुम्ही चालवणार काय?’’ दाजी शांतपणे म्हणाले, ‘‘म्या न्हाई. जो चालवणार हाय, त्याचं लायसन दाखवा.’’ ड्रायव्हरने लायसन दाखवलं तेव्हाच बस हलली, आणि तरी दाजी झहीराबादपर्यंत त्या फोटोशी ड्रायव्हरचं तोंड जुळतं का ते आरशात बघत बसले.

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट माझी बायको अजून विसरलेली नाही. शिरा आला, सगळ्यांनी वाखाणला. दाजींनी बशी खाली ठेवून विचारलं, ‘‘ह्यो शिरा पोरीनंच केलाय कशावरून?’’ माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा चेहरा पडला. मी जमिनीकडे बघत राहिलो. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘उद्या सकाळी या, चुलीसमोर बसा, पुन्हा करून दाखवते.’’ दाजींचा चेहरा एकदम खुलला. ‘‘पाव्हणं,’’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘करा. हिला कुणी फसवू शकत न्हाई.’’ त्यांच्या दृष्टीने माणसाची याहून मोठी स्तुती नव्हती.

या स्वभावाला आम्ही सगळे हसत आलो, पण एका ठिकाणी हसू थांबायचं. दाजींना एक धाकटा भाऊ होता, बिरू. गावातली तरणी मंडळी कारखान्यांकडे, बांधकामांकडे निघायला लागली होती तेव्हाचा तो काळ. बिरूही हैदराबादला जायला निघाला. त्याच आठवड्यात वडिलांच्या दंडातलं चांदीचं कडं घरातून नाहीसं झालं होतं. बिरू बसस्टँडवर उभा असताना दाजी तिथे गेले आणि गावच्या पंचवीस माणसांसमोर त्याला पिशवी उघडायला लावली. पिशवीत दोन शर्ट, एक टॉवेल आणि आईने दिलेल्या भाकरी निघाल्या. बिरूने पिशवीचं तोंड बांधलं, बसमध्ये चढला आणि पुन्हा कधी आला नाही. सहा महिन्यांनी कणगीतली ज्वारी उपसताना कडं तळाशी सापडलं. चोरांच्या भीतीने दाजींनीच ते तिथे ठेवलं होतं आणि विसरून गेले होते.

त्यानंतर दाजी भावाला शोधत हैदराबादला गेले, सोलापूरला गेले, कोणी सुरतेत दिसला म्हणालं म्हणून सुरतेलाही जाऊन आले. पत्ता लागला नाही. बिरूचं नाव ते कधी आपणहून काढत नसत. हे सगळं मला अक्काने सांगितलेलं. ‘‘त्येंला नुस्तं येवढंच सांगायचंय रे,’’ अक्का म्हणायची, ‘‘की बाबा, कडं घावलं. पर सांगावं कुणाला?’’

मी तेव्हा बीदरात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो आणि जोडीला शाळांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या छोट्या वेबसाइटी बनवून देत होतो. इंटरनेट तासाच्या भावाने मिळायचं ते दिवस. दाजी एकदा दुपारी क्लासमध्ये आले. चपला बाहेर न काढता हातात घेऊन आत आले, त्या मांडीशेजारी ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘पाव्हणं, हेळवी येऊन गेला.’’

हेळवी म्हणजे आमच्याकडचा पिढीजात वंशावळ सांगणारा. दर चार-पाच वर्षांनी बैल घेऊन गावात येतो, प्रत्येक घरासमोर बसून त्या घराच्या सात-आठ पिढ्या नावानिशी म्हणून दाखवतो, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत घालतो आणि धान्य, एखादं घोंगडं घेऊन पुढच्या गावाला जातो. दाजींचा एरवी कोणावर विश्वास नव्हता, पण हेळव्याने पणजोबाचं नाव घेतलं की ते हात जोडत. या खेपेला म्हातारा म्हणता म्हणता बिरूच्या नावाशी आला आणि थांबला.

‘‘ह्याची पोरं सांगा.’’

दाजी बैलाकडे बघायला लागले.

‘‘मग वंश हितंच सरला म्हणून लिव्हू?’’

‘‘सरला म्हणू नगा,’’ दाजी म्हणाले. ‘‘खाली जागा सोडा.’’

जाताना हेळव्याने सांगितलं की ही आपली शेवटची फेरी. पोरं पुण्याला कामाला लागलीत, बैल घेऊन हिंडायला कोणी तयार नाही. म्हणून दाजी माझ्याकडे आले होते. दाजींनी आग्रह करून सगळी वही उतरवून घेतली होती. मुडबीच्या आपल्या लोकांची एकूणएक घरं त्यांना इंटरनेटवर घालायची होती. ‘‘गाव सोडून गेलेली मान्सं हितंतिथं हायेत. बगतील,’’ ते म्हणाले. मान्सं म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

मला काम सोपं वाटलं होतं. दहा-बारा पानं, एक फोटो नाही, दिवसाला चार माणसं आली तरी पुष्कळ. अशा साइटला स्वस्तातली स्वस्त होस्टिंग चालते. होस्टिंग म्हणजे आपली पानं ज्या कॉम्प्युटरवर राहतात आणि जो दिवसरात्र चालू असतो, त्यावरची जागा वर्षाच्या भाड्याने घेणं, असं मी त्यांना समजावलं. इथेच माझं चुकलं. भाड्याची जागा म्हटल्यावर दाजी ताठ बसले. जागा कोणत्या गावात? मालक कोण? शेजारी कोण? किल्ली कोणाकडे? करंट गेला तर? शेजारी भाडेकरूही त्याच कॉम्प्युटरवर असतात, एका मशीनवर शेकडो साइटी नांदतात, हे ऐकल्यावर तर त्यांनी मला विचारलं, ‘‘त्यातला येखादा आमच्या पंजोबात घुसला तर?’’

मी म्हटलं, फुकटातली बघू. फुकट म्हटल्याबरोबर त्यांनी चपलांवर हात ठेवला. ‘‘फुकट कामून द्यायलाय? आपुन त्येचे कोण?’’ तरी मी एक पान चढवून दाखवलं. वरती जाहिरात आली, वजन कमी करण्याची, आणि तिच्यातली बाई बरोबर दाजींच्या खापरपणजोबांच्या नावावर हात ठेवून हसत होती. दाजींनी डोळे मिटून घेतले आणि ते पान बंद होईपर्यंत उघडले नाहीत.

मग आम्ही पैशातल्या योजना बघायला लागलो. इंग्रजी न येणारा हा माणूस त्या जाहिरातींच्या आरपार बघत होता आणि मी, हाच धंदा करणारा, त्याच्यापुढे बावळट ठरत होतो. एका कंपनीने सगळं ‘अनलिमिटेड’ दिलं होतं, जागा अमर्याद, ये-जा अमर्याद. मी खूश. दाजी म्हणाले, ‘‘अनलिमिटेड म्हंजे मोजू नगा म्हणायलाय. जो मोजू देत न्हाई, तो मापात मारतोय.’’ मी खालचा बारीक मजकूर वाचला, तर खरंच तिथे लिहिलं होतं की वापर ‘वाजवी’ असला पाहिजे, आणि वाजवी म्हणजे किती ते कंपनी ठरवणार. दुसऱ्या एका ठिकाणी भाव फारच उतरला होता. दाजींनी विचारलं, ‘‘ह्यो पयल्या वर्साचा झाला. दुसऱ्या वर्सी काय?’’ शोधलं तर दुसऱ्या वर्षी तिप्पट. माझ्या तीन गिऱ्हाइकांच्या साइटी मी त्याच कंपनीकडे ठेवल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. तिसरी कंपनी म्हणत होती, समाधान नाही झालं तर पैसे परत. ‘‘सोयरीक जमायच्या आदीच काडीमोडाची भाषा करायलाय,’’ दाजी म्हणाले आणि पडद्यावरची ती पाटी त्यांनी बोटानेच पुसल्यासारखी केली.

एकीने लिहिलं होतं की साइट नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के वेळ चालू राहील. हे मी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. दाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं.

‘‘आन् ऱ्हायलेला टाइम?’’

‘‘वर्षातून काही तास बंद. तेवढं चालतं, दाजी.’’

‘‘त्येच घडीला कुणी बगायला आलं तर?’’

मी हसणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघून हसलो नाही. वर्षानुवर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही तो माणूस एक दिवस यायचा, आणि दार नेमकं तेव्हा बंद असायचं, ही भीती काही टक्क्यांत मावणारी नव्हती.

ये-जा किती हवी, म्हणजे महिन्याला किती माणसं पानं बघू शकतील, हा आकडा प्रत्येक योजनेत असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मोठा हवा असतो. दाजींनी सगळ्यात लहान मागितला. ‘‘वाट बारकी आसंल तेवढं बरं.’’ मग खुर्ची माझ्याजवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘येकाच माणसाला दिसंल, दुसऱ्या कुणाला न्हाई, आसं काय आसतंय का?’’ मी म्हटलं, असतं की, पासवर्ड घालता येतो. ‘‘मग घाला.’’ ‘‘पण दाजी, तो पासवर्ड त्या माणसाला सांगावा लागेल.’’ त्यांनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली. मी धीर करून म्हटलं, ‘‘पासवर्ड राहू द्या. बिरूदादाच्या नावाखाली एक ओळ टाकतो. कडं सापडलं, एवढीच.’’ दाजींनी मान हलवली. ‘‘आख्खं जग वाचंल,’’ ते म्हणाले. ‘‘घरातलं जगाला कामून?’’

शेवटी कंपनी बघितल्याशिवाय जागा घ्यायची नाही असं ठरलं आणि आम्ही दोघं हैदराबादला गेलो, कारण एका स्वस्त कंपनीचा पत्ता तिथला होता. एका गल्लीत, शिवणकामाच्या दुकानावर, जिन्याने चढून एक खोली. आत एक पन्नाशीचे चष्मेवाले गृहस्थ, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा. दाजींनी खोलीच्या चारही कोपऱ्यांत नजर टाकली.

‘‘सर्व्हर दिखाव.’’

‘‘सर्व्हर तो अमरीका में है, चचा.’’

‘‘फिर तुम कौन?’’

‘‘मैं रीसेलर हूं. उनसे थोक में लेता, यहां छोटा-छोटा करके देता.’’

‘‘दलाल बोलो ना सीधा.’’

‘‘हौ, दलालच समझो,’’ गृहस्थ न रागावता म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडून पानं बघितली, काही प्रश्न विचारले आणि म्हणाले, ‘‘इत्ती सी साइट है, लोगां बी कम आते. बड़ा पिलान नक्को लेव. सबसे छोटा लेव, और एक कापी हमेशा अपने घर में रखो. मेरे पे बी भरोसा नक्को करो.’’

जिना उतरल्यापासून झहीराबाद मागे पडेपर्यंत दाजी अस्वस्थ होते. विकणारा माणूस कमी घे म्हणतो, हे त्यांच्या कोणत्याच हिशोबात बसत नव्हतं. त्यात काय डाव असेल याचे त्यांनी चार-पाच अंदाज केले आणि स्वतःच खोडले. नौबादला उतरताना म्हणाले, ‘‘त्येच्याकडंच घ्या. त्यानं च्या पाजला न्हाई. ज्याला फसवायचंय, तो आदी च्या पाजतोय.’’ घरी कॉपी ठेवण्याचा सल्ला त्यांनी इतका मनावर घेतला की सगळी पानं छापून एक प्रत दुकानात, एक मुडबीला आणि एक माझ्या सासऱ्यांकडे ठेवली. सीडी आणखी वेगळ्या.

साइट सुरू झाली. पानाच्या तळाशी मी आलेल्यांची संख्या दाखवणारा आकडा लावला होता. इतर गिऱ्हाइकं तो वाढावा म्हणून जीव टाकत. दाजी दर गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीला, यायचे आणि तो वाढलेला बघून कपाळाला आठ्या घालायचे. ‘‘गेल्या येळी येकोणसाठ व्हतं. आज चौसष्ट. ही पाच कोण?’’ त्यातले तीन त्यांनी उलटतपासणी करून शोधून काढले: मी, माझी बायको आणि अक्काला दाखवायला मी पुन्हा उघडलेलं पान. उरलेल्या दोघांवर आठवडाभर विचार चालायचा. सोलापूरच्या एका गृहस्थांनी मेल करून आपल्या मुलाचं नाव घालायला सांगितलं, तर दाजींनी त्यांना माझ्याकरवी अकरा प्रश्न पाठवले. आजीचं माहेर कोणतं, घरामागच्या विहिरीला पायऱ्या किती, तिच्यात कोण पडलं होतं. गृहस्थ खरे निघाले, पण पुन्हा त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. दरवर्षी मुदत संपली की दाजी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या कंपन्यांची चौकशी करत आणि दर वेळी त्याच हैदराबादच्या दलालाकडे एका वर्षापुरतं थांबत. बिरूच्या नावाखालची जागा रिकामीच होती.

मग चौथ्या वर्षी एका गुरुवारी, दाजी शेजारी बसलेले असतानाच, एक मेल उघडली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मी वाचायला लागलो आणि मध्येच आवाज खाली आला. लिहिणारीचं नाव रेणुका. ती सुरतेत शिकत होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सहज वडिलांच्या गावाचं नाव घातलं तर हे पान आलं, म्हणाली. बिरू तिचे वडील. दोन वर्षांपूर्वी ते वारले. गावाबद्दल फार बोलत नसत; फक्त कधी मेंढरांचा कळप दिसला की उभे राहायचे. पानावर त्यांच्या नावाखाली काही लिहिलेलं नाही म्हणून कळवते आहे, की आम्ही दोघी बहिणी आहोत, मी आणि लक्ष्मी. भाऊ नाही. आपल्याकडे मुलींची नावं लिहीत नसतील तर राहू द्या.

हे शेवटचं वाक्य वाचल्यावर मला दाजींकडे बघवेना. हेळव्याच्या वहीत खरोखरच मुलींची नावं नसतात. मी वाट बघत होतो. आता पुरावा मागतील, आजीचं माहेर विचारतील, विहिरीच्या पायऱ्या विचारतील. वहीचं कोरं पान घेऊन मी म्हटलं, ‘‘काय विचारायचं तिला?’’

‘‘काय न्हाई,’’ दाजी म्हणाले. ‘‘मेंढरं बगून उभा ऱ्हायचा म्हणती नव्हं? आमचाच हाय.’’

थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘जागा सोडलेली हाय की. लिव्हा दोघींची नावं.’’

मी लिहिली. रेणुका. लक्ष्मी. त्यांनी पडद्याजवळ जाऊन ती दोन नावं अक्षर अक्षर लावून वाचली. मला वाटलं उठतील, पण ते उठले नाहीत. धोतराच्या सोग्याने त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘आनखी येक लिव्हा. कडं घरातच व्हतं. कणगीत. थोरल्या भावानंच ठिवलं व्हतं. बिरूनं घेतलं नव्हतं.’’

‘‘रेणुकाला पाठवायच्या पत्रात ना?’’

‘‘पत्रात न्हाई. पानावर. त्येच्या नावाखाली.’’

‘‘दाजी, ते सगळ्यांना दिसेल. गावाला, सोलापूरला, कोणालाही.’’

‘‘दिसू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘पिशवी सगळ्यांम्होरंच उगडायला लावलो व्हतो.’’

मी ती ओळ लिहिली आणि पान चढवलं. मग दाजी बारीक आवाजात म्हणाले, ‘‘म्या आदीच लिव्हू दिलो आसतो तर त्यानं वाचलं आसतं काय ओ?’’ मी त्यांना सांगितलं की बिरूदादांना कॉम्प्युटर येत होता की नाही ते तरी कुठे माहीत आहे, मुलीलाही ते पान आत्ता सापडलं. ते खरंही होतं. दाजींनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, पण या एका बाबतीत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवावा असं मलाही मनातून वाटलं नाही.